कोंकणांतील कातळावरील खोदचित्रांचा कालनिर्णय

१. गेल्या कार्तिक वद्य एकादशीच्या यात्रेनिमित्त आमचें निर्मळास जाणें झालें. तळ्यावर जाऊन व टेकडीवरील शंकराचार्यांच्या मंदिराचें दर्शन घेऊन तेथील एका संग्राहक स्नेह्यांच्या घरीं बसलों असतां त्यांनीं आपल्या संग्रहांतील एक पोथी आमच्यापुढें ठेविली. पोथीच्या अखेरीस शक किंवा संवत्सर दिलेला नव्हता. तथापि कागदाची जात, अक्षरांचें वळण आणि वेष्टनाच्या पानावरील मोडी लिपींतील मालकीची नोंद पाहून ती सुमारें कोणत्या पन्नास वर्षांच्या आंत लिहिली गेली असावी हें आम्हीं सांगितलें. तेव्हां त्यांनीं एक छायाचित्र काढलें. राजापूर तालुक्यांतील बारसू येथील सड्यावर कोरलेली ती आकृति होती : मध्यें मनुष्य आणि दोहों बाजूंस दोन वाघ. "पोथीचा काळ आपण सांगितलात, आतां ह्याचाहि सांगा. कोणी म्हणतात बारा हजार वर्षें, कोणी म्हणतात वीस हजार," असें ते म्हणाले. आम्हांस तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. कां देतां आलें नाहीं आणि तें मिळविण्याचे मार्ग कोणते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

२. प्रथम ही सामग्री काय आहे तें पाहूं. रत्नागिरी व सिंधुदुर्ग ह्या जिल्ह्यांत समुद्रकांठच्या खाड्यांच्या वर जांभ्या दगडाचीं विस्तीर्ण पठारें आहेत. त्यांस तेथील लोक सडा किंवा कातळ म्हणतात. ह्या आडव्या कातळावर मनुष्य, हत्ती, वाघ, गेंडा, हरिण, मोर, मासे, कांसव, तसेंच अर्थ न लागणाऱ्या चौकोनी व वर्तुळाकार आकृति खोदलेल्या आहेत. श्री. सुधीर रिसबूड, श्री. धनंजय मराठे व डॉ. सुरेंद्र ठाकुरदेसाई ह्यांनीं गांवोगांव हिंडून, गुराख्यांस व वृद्धांस विचारून ह्यांपैकीं बहुसंख्य स्थळें उजेडांत आणिलीं आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागानें त्यांची नोंद चालविली. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यांत सुमारें सत्तर स्थळीं दीड हजारांहून अधिक आकृति असल्याची गणना प्रसिद्ध झाली आहे. सन २०२२ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत ह्यांतील नऊ स्थळें घेण्यांत आलीं. कशेळी, रुंढे तळी, देवाचें गोठणें, बारसू, देवी हसोळ, जांभरुण व उक्षी हीं सात रत्नागिरी जिल्ह्यांतील. कुडोपी हें सिंधुदुर्गांतील. आणि फणसामळ हें गोव्यांतील होय. कशेळी येथील हत्तीची आकृति सुमारें १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असून तिच्या पोटांत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत.

राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे तत्कालीन संचालक डॉ. तेजस गर्गे ह्यांनीं सन २०१८ मध्यें, हीं चित्रें इ. स. पू. १०,००० च्या सुमाराचीं असावीं असें प्राथमिक अनुमान प्रकट केलें. पुढें वृत्तपत्रांतून हेंच अनुमान सिद्धान्त होऊन बसलें आणि कांहीं ठिकाणीं त्यांत आणखी हजारो वर्षांची भर पडली. अनुमान करणाऱ्याचा त्यांत दोष नाहीं. "प्राथमिक" हा शब्द मध्यंतरीं गळाला, एवढाच दोष आहे.

३. काल ठरलेला कोरींव दगड कसा असतो, हें पाहण्यास निर्मळाहून दूर जावयास नको. जवळच्या सोपाऱ्यास सन १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांस अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडा मिळाला. आणि निर्मळाच्याच शेजारच्या भुईगांव येथें सन १९५६ मध्यें श्री. ना. अ. गोरे ह्यांस नवव्या शासनाचा तुकडा सांपडला. ह्या तुकड्यांवर पूर्ण शासनाचा अल्पसाच भाग आहे. तरीहि त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत मोठा वाद नाहीं. ह्याचें कारण असें कीं त्यांतील शब्द गिरनार वगैरे ठिकाणच्या संपूर्ण शासनांशीं जुळतात. त्या शासनमालेंतील तेराव्या लेखांत अंतियोक, तुरमय, अंतिकिन, मग व अलिकसुदर ह्या पांच यवन राजांचीं नांवें आहेत. आणि ते राजे केव्हां राज्य करीत होते हें ग्रीक इतिहासावरून स्वतंत्रपणें ठाऊक आहे. ह्या कड्या एकमेकींत अडकवीत गेलें म्हणजे भुईगांवचा फुटका दगड इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या मध्याशीं जाऊन भिडतो. दगडाच्या जुनेपणाकडे पाहून कोणी हा काळ सांगितलेला नाहीं. दगडाबाहेरच्या, ज्यांचा काळ आधींच ठरला आहे अशा गोष्टींशीं त्याचा संबंध जुळला म्हणून तो ठरला.

ह्याच सोपाऱ्यानें एक सावधगिरीचा धडाहि दिला आहे. तेथील बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्तूपांत भगवानलालांस अवशेषांचे करंडे, सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी ह्याचें चांदीचें नाणें आणि बुद्धांच्या आठ ओतींव मूर्ति मिळाल्या. नाणें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचें. मूर्ति घडणीवरून आठव्या-नवव्या शतकाच्या. म्हणजे एकाच जागीं पुरलेल्या वस्तूंत सहा शतकांचें अंतर. केवळ नाणें हातीं आलें असतें तर स्तूपांतील सर्वच ठेव्यास त्याचा काळ चिकटविला गेला असता.

४. ह्यावरून कालनिर्णयाची मूळ रीति स्पष्ट होते. आपण पोथ्यांच्या बाबतींत जी वापरतों तीच ही. ज्या कागदावर विशिष्ट जलचिन्ह आहे ती पोथी तो कागद निघण्यापूर्वींची असूं शकत नाहीं, ही पूर्वमर्यादा. ज्या पोथीवर शके १७०० मधील मालकानें आपलें नांव घातलें ती त्या शकानंतरची असूं शकत नाहीं, ही उत्तरमर्यादा. ह्या दोन मर्यादा जितक्या जवळ येतील तितका निर्णय नेमका. शिवाय ग्रंथाचा काळ व प्रतीचा काळ हे वेगळे असतात. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची म्हणून तिची प्रत्येक प्रत त्या शकाची ठरत नाहीं.

कातळावरील चित्रासहि असेच निरनिराळे काळ असतात. पहिला काळ दगडाचा. रत्नागिरीकडील जांभा हा सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याच्या काळ्या पाषाणापासून पुढें झिजून झालेला. त्याचा चित्राशीं संबंध नाहीं. दुसरा काळ चित्रांत जें दाखविलें त्या वस्तूचा किंवा प्राण्याचा. तिसरा, तें चित्र काढण्याच्या परंपरेचा. चौथा, प्रत्यक्ष खोदकामाचा. आणि पांचवा, त्यावर नंतर झालेल्या फेरफाराचा : कारण जुनी रेषा पुन्हां खोल करणें, तिच्या शेजारीं नवीन आकृति काढणें हें पिढ्यान् पिढ्या चालूं शकतें. नाशिकच्या पांडवलेण्यांत खेळाचे पट फरशीवर कोरलेले आहेत. ते लेण्यांच्या नंतरचे आहेत एवढेंच निश्चित, किती नंतरचे हें फरशी सांगत नाहीं. आम्हांस पाहिजे तो चौथा काळ. आणि आजवर पुढें आलेला बहुतेक पुरावा दुसऱ्या व तिसऱ्या काळाचा आहे.

५. आतां त्या पुराव्याची एकेक करून तपासणी करूं. पहिला मुद्दा प्राण्यांचा. कोंकणांत आज गेंडा नाहीं, पाणघोडा नाहीं. कांहीं चित्रांत हे प्राणी ओळखले गेले आहेत. म्हणून तीं चित्रें ते प्राणी येथें होते त्या अतिप्राचीन काळचीं, असा हा युक्तिवाद आहे.

ह्यांतील गेंड्याविषयीं विचार करतां मर्यादा फार सैल पडते. गुजराथेंत लांघणज येथें डॉ. सांकळिया ह्यांच्या उत्खननांत सूक्ष्म अश्मायुधांच्या संगतींत गेंड्याचें हाड मिळालें. सिंधूकांठच्या मुद्रांवर गेंडा आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांतील दायमाबाद येथें सन १९७४ मध्यें सांपडलेल्या धातूच्या चार मोठ्या वस्तूंत चाकांवरील गेंडा आहे. त्यांचा काळ बहुतेक विद्वान उत्तर-हडप्पा समजतात, कांहीं त्याबद्दल शंका घेतात. बाबरानें इसवी सनाच्या सोळाव्या शतकांत सिंधूच्या परिसरांत गेंड्याची शिकार केली. तेव्हां गेंडा ओळखणारा मनुष्य पश्चिम हिंदुस्थानांत हजारो वर्षें होता. ह्याचा एक बोलका दाखला आहे. सन १८८३ मध्यें जॉन कॉकबर्न ह्यांनीं मिर्झापुराकडील गुहेंतील गेंड्याच्या शिकारीचें रंगीत चित्र प्रसिद्ध केलें, तें चित्र फार जुनें हें दाखविण्याकरितां नव्हे, तर गेंडा त्या प्रांतांत अगदीं अलीकडेपर्यंत होता हें सिद्ध करण्याकरितां. तोच प्राणी, तीच साक्ष. परंतु आज ती उलट दिशेनें वाचली जाते.

पाणघोड्याचा मुद्दा अधिक वजनदार आहे, कारण तो ह्या देशांतून हिमयुगाच्या अखेरीच्या सुमारास नाहींसा झाला. परंतु तेथें प्रश्न ओळखीचा येतो. दीड-दोन अंगुळें खोल अशा नुसत्या बाह्यरेषेवरून स्थूल, आंखूड पायांचा प्राणी पाणघोडा, गेंडा कीं रानडुकर हें ठरवितांना पाहणाराच्या मनांतील काळ आकृतींत शिरतो. काळावरून प्राणी ओळखावयाचा आणि त्या प्राण्यावरून पुन्हां काळ ठरवावयाचा, हा अन्योन्याश्रय दोष होय.

दुसरा मुद्दा अभावाचा. चित्रांत नांगर, पीक, शेती कोठेंहि नाहीं. शिकारीचे प्राणी व मासे आहेत. म्हणून चित्रकार शेतीपूर्वींचे. हें अनुमान असंभवनीय नाहीं. तथापि सड्यावर शेती होतच नाहीं. तेथें गुरें चरतात आणि शिकार होते. ज्या जागीं जें घडतें तें त्या जागीं काढलें गेलें असेंहि होऊं शकतें. शिवाय शेती शिकलेल्या समाजांच्या शेजारीं शिकारीवर जगणारे समाज आपल्या देशांत कालपरवांपर्यंत नांदत होते. जें लिहिलें नाहीं त्यावरून बखरीचा काळ ठरविण्याचा धोका वाचकांस ठाऊकच आहे.

तिसरा मुद्दा समुद्राचा. ह्याकडे आम्हांस वाचकांचें विशेष लक्ष वेधावयाचें आहे. परशुरामानें समुद्र मागें सारून कोंकण निर्माण केलें ही कथा आपण ऐकतों, आणि निर्मळचें माहात्म्यहि परशुरामानें केलेल्या विमलासुराच्या वधाशीं जोडलेलें आहे. भूशास्त्राच्या हिशेबानें मात्र गेल्या वीस हजार वर्षांत समुद्र मागें न जातां पुढें आला. हिमयुगाच्या ऐन भरांत त्याची पातळी आजच्यापेक्षां सुमारें १२० मीटर खालीं होती. इ. स. पू. १०,००० च्या सुमारासहि ती कित्येक दशक मीटर खालीं असून किनारा आजच्या पश्चिमेस बराच दूर होता. आजच्या पातळीच्या जवळ समुद्र आला तो सुमारें सात हजार वर्षांपूर्वीं. आज खाडीच्या तोंडाशीं असलेल्या सड्यांवर मासे व इतर जलचर मोठ्या संख्येनें कोरलेले दिसतात. ते दूरच्या समुद्राची आठवण ठेवून कोरले, कीं समुद्र पायथ्याशीं आल्यावर कोरले? हा प्रश्न घेऊन स्थळांचा नकाशा मांडल्यास कांहीं उजेड पडण्याचा संभव आहे. निर्णय त्यानेंहि होणार नाहीं, कारण मनुष्य चालत जातो.

६. ह्यापुढील मुद्दा सादृश्याचा. बारसूच्या दोन वाघांमधील मनुष्याचें मोहेंजोदडो येथील मुद्रेवरील तशाच दृश्याशीं साम्य दाखविलें जातें. परंतु दोन हिंस्र पशूंस आंवरणारा पुरुष हा विषय मेसोपोटेमियांत व प्राचीन मिसर देशांतहि आहे. इतक्या दूरवर व इतका दीर्घकाळ चाललेला विषय काळाचें नांव सांगत नाहीं. गोव्यांत कुशावती नदीच्या कांठीं उसगाळीमळ (फणसामळ) येथील खोदचित्रें सन १९९३ मध्यें गोव्याच्या पुराभिलेख व पुरातत्त्व खात्याचे संचालक डॉ. प्र. पां. शिरोडकर ह्यांनीं पुढें आणिलीं. त्यांत बैल, मोर, मानवी आकृति आणि चक्रव्यूहासारखी मोठी आकृति आहे. चक्रव्यूहाची निश्चित काळाची जुन्यांत जुनी आकृति ग्रीसमधील पायलॉस येथील मातीच्या पाटीवर असून ती इ. स. पू. १२०० च्या सुमाराची आहे. तिचा काळ निश्चित होण्याचें कारण ती पाटी जळलेल्या राजवाड्याच्या ढिगाऱ्यांत भाजून निघाली. येथेंहि आकृतीस काळ मिळाला तो आकृतीवरून मिळाला नाहीं, ढिगाऱ्यावरून मिळाला.

७. मग दगडच बोलेल काय? खोदलेली रेषा जितकी झिजलेली, काळवंडलेली व शेवाळलेली तितकी जुनी, ही समजूत सर्वसाधारण आहे. तीस आधार आहे, पण माप नाहीं. जांभा पोटांत मऊ असतो व उघडा पडला म्हणजे वरून कठीण होतो. ह्याच गुणामुळें त्याचे चिरे निघतात. एकाच सड्यावर कठीण कवच असलेल्या जागेंतील रेषा व कवच फुटलेल्या जागेंतील रेषा सारख्या वेगानें झिजत नाहींत. जुन्या गोव्यांतील बॉम जेझुस मंदिर हें जांभ्याचें असून त्याचें काम सन १५९४ ते १६०५ ह्या अवधींत झालें. विसाव्या शतकाच्या मध्यांत त्याचा बाहेरील गिलावा काढल्यापासून पावसानें होणारी दगडाची झीज ही तेथील चिंतेची बाब होऊन बसली आहे. साडेतीनशें वर्षें झांकलेला दगड साठ-सत्तर वर्षांत जर बोलूं लागतो, तर कोंकणच्या पावसांत उघड्यावर असलेल्या रेषेचें वय केवळ नजरेनें सांगणें धाडसाचें होईल. झिजेचें माप पाहिजे असल्यास त्याच जातीच्या जांभ्यावरील, सन माहीत असलेल्या खुणांशीं ती ताडून पाहिली पाहिजे. मंदिरांच्या पायऱ्या, जुन्या विहिरींचे कांठ व सन कोरलेले दगड ह्यांची मोजणी ह्या कामीं उपयोगी पडेल.

दगडावरून मिळणारी एक गोष्ट मात्र पुष्कळ भरंवशाची आहे : जेथें एक आकृति दुसरीस छेदून जाते तेथें छेदणारी नंतरची. ह्यानें वर्षें मिळत नाहींत, परंतु अनुक्रम मिळतो. पोथींतील हाशियावरच्या टीपा जशा हातांच्या क्रमानें लावाव्या तशा ह्या आकृति क्रमानें लावतां आल्या तर सर्व चित्रें एकाच काळाचीं मानण्याची आजची संवय आपोआप सुटेल.

८. आतां प्रयोगशाळेंतील रीतींकडे वळूं. कर्बाची रीति सन १९४९ पासून प्रसिद्ध आहे. सजीव मेला म्हणजे त्याच्या देहांतील किरणोत्सर्गी कर्ब सुमारें ५,७३० वर्षांत निम्मा होतो. उरलेल्या अंशावरून मृत्यूचा काळ निघतो. परंतु ती लांकूड, कोळसा, हाड अशा वस्तूंस लागते. खोदलेल्या रेषेंत सजीवाचा अंश नसतो. रंगीत चित्रांत तो क्वचित् असतो, येथें रंग नाहीं. युरेनियमची रीति चुन्याच्या पापुद्र्यास लागते; जांभ्यावर तसा पापुद्रा धरत नाहीं. आकाशांतून येणाऱ्या किरणांमुळें उघड्या दगडांत जीं विशिष्ट द्रव्यें सांचतात त्यांवरून पृष्ठ किती काळ उघडें आहे हें काढतात; परंतु त्या रीतीस बहुधा गारेचे कण लागतात आणि काळ्या पाषाणापासून झालेल्या जांभ्यांत ते जवळजवळ नसतात.

उरते ती प्रकाशाची रीति. वाळूच्या वा धुळीच्या कणावर ऊन पडलें कीं त्यांत सांचलेली सूक्ष्म ऊर्जा निघून जाते. तो कण पुढें मातीखालीं अंधारांत गेला म्हणजे भोंवतालच्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळें ती पुन्हां सांचूं लागते. प्रयोगशाळेंत अंधारांत त्या कणावर प्रकाश टाकून सांचलेली ऊर्जा मोजतात व दरवर्षीं किती सांचते त्यानें भागतात. भागाकार म्हणजे कण अखेरचें ऊन पाहून किती वर्षें झालीं तो आंकडा. ही रीति चित्रास लागत नाहीं; चित्रावर बसलेल्या मातीस लागते. माती खालीं चित्र असेल तर चित्र मातीपेक्षां जुनें. ही उत्तरमर्यादा होय.

९. ह्या रीतीनें फळ आल्याचीं उदाहरणें आहेत. वसईवर सन १५३४ पासून १७३९ पर्यंत ज्यांचा अंमल होता त्या पोर्तुगीजांच्याच देशांत कोआ नदीच्या खोऱ्यांत उघड्या कातळावर घोडे, रानबैल व बोकड कोरलेले आहेत. सन १९९५ च्या सुमारास तेथें धरण बांधलें जात असतां हा वाद पराकोटीस गेला. शैली पाहणारे विद्वान चित्रें पुराश्मयुगाचीं म्हणत. दगडाच्या पृष्ठाची परीक्षा करणाऱ्या कांहीं तज्ज्ञांस तीं फार अलीकडचीं वाटलीं. धरण त्याच वर्षीं थांबविण्यांत आलें व सन १९९८ मध्यें खोऱ्यास जागतिक वारशाचें स्थान मिळालें. पुढच्याच वर्षीं फारिझेऊ येथें असा एक कोरींव कातळ सांपडला कीं ज्याचा मोठा भाग पुराश्मयुगाच्या उत्तरकाळांतील वस्तीच्या थरांखालीं गाडलेला होता. चित्र थराखालीं, म्हणून थराहून जुनें. इतकीं वर्षें चाललेला वाद एका थरानें संपविला. धरणाचें पाणी आधीं चढलें असतें तर तो थर कोणास दिसलाच नसता. मिसर देशांत कुर्ता येथेंहि वाऱ्यानें वाहून आलेल्या वाळूखालीं चित्रें मिळालीं आणि वरील प्रकाशाच्या रीतीनें तीं निदान पंधरा हजार वर्षांपूर्वींचीं असल्याचें सन २०११ मध्यें प्रसिद्ध झालें.

आपल्या देशांतील उदाहरण मध्यप्रदेशांत भानपुराजवळील दरकी-चट्टान ह्या गुहेचें. तिच्या भिंतींवर पेल्यासारखे शेंकडों खळगे ठोकून केलेले आहेत. प्रा. गिरिराज कुमार ह्यांच्या नेतृत्वाखालीं सन २००२ पासून झालेल्या उत्खननांत भिंतीवरून निखळून पडलेले खळगेदार तुकडे व ठोकण्याचे दगड खालच्या थरांत, पुराश्मयुगीन हत्यारांबरोबर मिळाले. येथें चित्राचा तुकडा, तें करण्याचें साधन आणि काळ ठरलेली हत्यारें एकाच थरांत आहेत. पोथीबरोबर लेखकाची दौत, बोरू व जमाखर्चाची वही मिळावी तसेंच हें.

१०. एवढ्या विवेचनानंतर आमच्या स्नेह्यांस द्यावयाचें उत्तर असें. कोंकणांतील खोदचित्रांची परंपरा प्राचीन आहे, ती इतिहासपूर्व काळांत सुरू झाली असणें संभवनीय आहे, आणि ती एका पिढींत संपलेली नाहीं. आकृतींच्या तऱ्हा इतक्या भिन्न आहेत कीं त्यांस एकच काळ देणें युक्त दिसत नाहीं. परंतु इ. स. पू. १०,००० हा आंकडा प्राण्यांवरून व अभावावरून काढलेला आहे, चित्रास खिळलेल्या कोणत्याहि थरावरून, कोळशावरून वा हत्यारावरून नव्हे. सिंधुदुर्गांत कोळोशी येथील गुहेच्या उत्खननांत दगडी हत्यारें मिळालीं, त्यावरून त्या प्रदेशांत प्राचीन मनुष्याचा वावर सिद्ध होतो. त्या मनुष्यानें सड्यावर चित्रें काढलीं हें त्यानें सिद्ध होत नाहीं. मालकाचें घर सांपडलें. घर व पोथी ह्यांचा संबंध जोडणारी नोंद अद्यापि सांपडावयाची आहे.

११. ती नोंद कोठें असूं शकेल? चित्रांच्या खळग्यांत सांचलेल्या न ढवळलेल्या मातींत, कातळाच्या कडेला जमलेल्या थरांत, चित्राच्या आसपास पडलेल्या ठोकण्याच्या दगडांत व गारगोटीच्या बारीक पात्यांत. आणि नेमकें हेंच आज सर्वांत आधीं नष्ट होत आहे. चिऱ्याच्या खाणी, सड्यावरून जाणारे रस्ते, कातळ फोडून केलेल्या कलमांच्या बागा ह्यांनीं थर जातात. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरणाच्या प्रकल्पाकरितां एप्रिल २०२३ मध्यें माती-परीक्षण सुरू झालें तेव्हां झालेला लोकविरोध सर्वश्रुत आहे. प्रकल्पाच्या इष्टानिष्टतेचा विचार येथें आमचा विषय नाहीं. संशोधकाच्या दृष्टीनें एवढेंच सांगणें प्राप्त आहे कीं, आकृति कुंपण घालून राखली व भोंवतालची माती खणून नेली, तर पोथी राखून तिची पुष्पिका फाडल्यासारखें होईल. उत्साही प्रेक्षकहि निर्दोष नाहींत. छायाचित्र चांगलें यावें म्हणून खळग्यांतील माती खरवडणें, पाणी ओतणें, रेषेंत खडू किंवा चुना भरणें हे प्रकार सर्रास चालतात. आणि जी माती उन्हांत झाडून टाकिली ती प्रकाशाच्या रीतीस कायमची मुकली.

ह्यास्तव संग्राहक बंधूंस आमची विनंति अशी. नवीन स्थळ आढळल्यास कांहींहि साफ करूं नये. सकाळच्या वा संध्याकाळच्या तिरप्या उन्हांत आहे त्याच स्थितींत, मापपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावें. एकट्या आकृतीचें न घेतां संपूर्ण कातळाचें टिपण करावें व कोठें कोणती रेषा कोणतीस छेदते तें लिहावें. उत्तर दिशा सूर्यावरून ठरवावी. देवाचें गोठणें येथें होकायंत्राची सुई फिरते हें प्रसिद्ध आहे. दगडी हत्यार दिसल्यास उचलून कपाटांत न ठेवितां त्याची जागा नोंदवून तें तेथेंच असूं द्यावें व पुरातत्त्व विभागास कळवावें. जागेवरून हललेलें हत्यार म्हणजे पाकीट हरवलेलें पत्र. गांवांतील वृद्धांपासून सड्याचें नांव, चित्राचें नांव व त्याविषयींची समजूत, मग ती पांडवांची असो वा देवाची, शब्दशः उतरून घ्यावी. चित्रांचा काळ तीवरून निघत नसला तरी चित्रें केव्हांपासून लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत ह्याची ती साक्ष असते. आणि ज्यांच्या दप्तरांत कोंकणांतील इनामपत्रें, महजर किंवा शिवेचे तंट्याचे कागद आहेत त्यांनीं त्यांत सड्यावरील कोरींव खुणांचा उल्लेख आहे काय हें अवश्य पहावें. शिवेची खूण म्हणून "कातळावरील चित्र" असा एक शब्द जरी शक घातलेल्या कागदांत मिळाला, तरी ती पहिली लेखी उत्तरमर्यादा होईल. आणि तें काम पुरातत्त्वज्ञाहून मोडी वाचणाराच अधिक चांगलें करील.

निर्मळचे स्नेही हें ऐकून म्हणाले कीं, मग आमच्या दप्तरांतील पेटाऱ्यापासूनच आरंभ करूं. त्यांत कांहीं आढळल्यास पुढील अंकीं सादर करूं. वाचकांपैकीं ज्यांस असा उल्लेख मिळेल त्यांनीं कागदाची नक्कल आमच्याकडे पाठवावी, अशी प्रार्थना आहे.